आप्पांनी ठेवलेलं नाव

दोंडाईचाच्या फलाटावर मायच्या लक्षात आलं की पाटा घेतला, वरवंटा घरीच राहिला. ती तशीच परत निघाली होती. आप्पा वैतागले, "सुरतले वरवंटा भेटत नही का?" माय म्हणाली, "भेटी, पन या पाटाले चाली का?" गाडी आली आणि वरवंटा मागेच राहिला.

तुम्ही गावाकडचे सगळे पोचवायला आला होतात. मी तिसरीत होते, काखेत शाळेचं पुस्तक. खिडकीपाशी उभी राहून आत्या मायला म्हणाली, "ही पोर बोलसच नही व माय, सुरतमा हिनं कसं व्हई?" मी ते ऐकलं होतं, आत्या. हे त्याचंच उत्तर आहे. उशीर झाला, पण मला लिहायला वेळ लागतो.

सुरतेच्या नवागामात आमची एक खोली होती, आणि आप्पा ज्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, लूम चालवायचे ते गल्लीच्या तोंडाशी. त्या आवाजात माणसाला स्वतःचं खोकणंही ऐकू येत नाही. म्हणून खात्यातली माणसं हातांनी बोलतात. ओठ हलवायचे, भुवया उचलायच्या, बाकी सगळं बोटांवर. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, शेठ चिडलाय. मी डबा घेऊन जायची तेव्हा दोन ओळींपलीकडचा कारागीर आप्पांची चेष्टा करायचा आणि आप्पा इकडून त्याला हातानेच शिवी हासडायचे. त्या माणसांनी एकमेकांना नावंही हातांचीच दिली होती. लांब मिशीवाल्याला मिशीची, लंगडणाऱ्याला लंगडण्याची. आप्पांनी माझं नाव ठेवलं ते दोन तळवे जोडून पुस्तकासारखे उघडायचं.

हळूहळू आप्पांचे कान गेले आणि ती बोली घरी आली. जेवताना, भांडताना आमचे हात चालायचे. माय कपाळावर हात मारायची, "हाऊ माणूस घरमाबी कारखाना चालाडस!" तुम्हाला सोनूताईचं लग्न आठवत असेल. बॅंड कानठळ्या बसवत होता, आणि मांडवाच्या त्या टोकावरून आप्पांनी मला कळवलं की बुंदी संपत आली आहे, लवकर पंगतीत बस. बाप-लेकीला वेड लागलंय म्हणून तुम्ही हसलात. बुंदी मात्र मला मिळाली आणि हसणाऱ्यांना नाही.

पुढची बरीच वर्षं मात्र मी कोण, हेच मला कळत नव्हतं. गावी आले की मी 'सुरतवाली', सुरतेत मराठी. कॉलेजात गुजराती मैत्रिणी माझे उच्चार दुरुस्त करायच्या, आणि पुण्याहून आलेल्या एका बाईंनी माझं मराठी ऐकून विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" घरची अहिराणी मी बाहेर कधी काढलीच नाही. पर्वत पाटियाजवळ एका साडीच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसले. मग कविता लिहिल्या, त्या दुसऱ्याच्या वाटल्या. चित्रकलेचा क्लास लावला. प्रत्येक गोष्ट थोडी जमायची, आणि काही महिन्यांनी आपण भाड्याच्या घरात राहतोय असं वाटायला लागायचं. माय म्हणायची, "तुले काय जोयजे ते तरी सांग." तेच तर मला सांगता येत नव्हतं.

शेजारच्या सुशीलाकाकूंची ज्योती जन्मापासून ऐकू न येणारी. ती दिवसभर आमच्या ओट्यावर आप्पांशी गप्पा मारायची. तिला कर्णबधिर मुलांच्या शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा गुजराती लिहिता-वाचता येतं म्हणून काकूंनी मला सोबत नेलं. तिथल्या शिक्षिकेने खुणेने नाव विचारलं, तर ज्योती आईच्या पदरामागे लपली. शिक्षिकेने पुन्हा विचारलं, ती आणखी आत गेली. काकूंचे डोळे भरून आले. मी खाली बसले आणि ज्योतीला खात्याच्या बोलीत म्हटलं, शेठ नाहीये गं, आपलीच माणसं आहेत. ती खुदकन हसली आणि बाहेर आली. मग तिचे हात जे सुटले ते थांबेनात.

"बेन, तमे आ क्यां शीख्यां?" शिक्षिकेने विचारलं.

मी म्हटलं, "खात्यात."

त्या दुपारी मी चालतच घरी आले. रिक्षा करायचं सुचलंच नाही. इतकी वर्षं मी गुजरातीत, मराठीत, रंगांत स्वतःला शोधत होते, आणि मला हवं ते रोज आमच्या ताटाभोवती चाललेलं होतं. दुकान सोडलं, रीतसर शिक्षण घेतलं. खात्याच्या खुणा आणि शाळेची भाषा वेगळी, त्यामुळे पहिलं वर्ष माझ्या खुणांना मुलं पोट धरून हसायची. तरी त्या हसण्यात मला कधी परकं वाटलं नाही. आज तिथे मी शिकवते. ज्योती दहावी झाली.

एकदा मी डबा विसरले म्हणून आप्पा तो घेऊन शाळेत आले. पोरांनी घेरलं, तुम्ही कोण? आप्पांनी माझ्याकडे बोट केलं आणि तळव्यांचं पुस्तक उघडलं, हिचा बाप. त्या दिवसापासून सगळ्या शाळेत माझं तेच नाव झालं. आप्पा संध्याकाळपर्यंत अंगणात बसून पोरांना खात्याच्या गोष्टी सांगत राहिले. कान गेल्यापासून इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात आप्पा गेले. शेवटी तोंडावर मास्क होता, बोलू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आजूबाजूच्या खाटांवर माणसं नुसती एकमेकांकडे बघत बसलेली. आम्ही दोघांनी दुपारभर गप्पा मारल्या. त्यांनी नर्सला मिशीचं नाव दिलं. मला हसू आवरेना.

आप्पांच्या गंधमुक्तीच्या विधीला गावी आले तेव्हा आत्या, तू मला जवळ घेऊन विचारलंस, "आते तुनं गाव कोनतं व माय?" निघताना तू फडताळातून तो वरवंटा काढून माझ्या पिशवीत घातलास. इतकी वर्षं तू तो जपून ठेवला होतास.

गाडी सुरतेच्या उधना स्टेशनला सकाळी पोचली. घरी न जाता मी सरळ शाळेत गेले. वाटेत एकच मनात येत होतं, त्या नावाने मला पहिली हाक मारणारा माणूस आता नाही. फाटक ढकललं. प्रार्थनेच्या रांगा लागत होत्या. एका मुलीने मला पाहिलं आणि तळवे उघडले. मग शेजारणीने, मग मागच्या रांगेने. सगळं अंगण आप्पांनी ठेवलेल्या नावाने मला हाक मारत होतं, आणि कुठे कसलाही आवाज नव्हता.

पिशवी जड होती. मी ती फाटकापाशी खाली ठेवली. उत्तर द्यायला दोन्ही हात मोकळे लागतात.