धारणीचा रूल

भुताखेतांवर बोलणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केलेली आहे. बडनेऱ्याला आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी टाइम लावून बघायची, किती मिनिटं टिकतं ते. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण लिहिते. कारण यातला एक भाग कुणालाच सांगितलेला नाही...

मी नेटवर्किंगमध्ये आहे. तेव्हा अमरावतीला, इर्विन चौकाजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. वऱ्हाडातली ती वाईट वर्षं. कापूस लाल्या रोगानं जात होता आणि शेतकऱ्यांसाठी नवनव्या योजना निघत होत्या. त्यातल्याच एका योजनेत अकोल्याहून तज्ज्ञ बोलायचे आणि तालुक्यांच्या केंद्रांवर लोक ऐकायचे, माइकवरून प्रश्न विचारायचे. त्या सगळ्या लाइनी आमच्या ऑफिसातून जायच्या आणि राउटर सांभाळायचं काम माझं.

हे मल्टिकास्टवर चालायचं. घाबरू नका, सोपं आहे. माझे बाबा घरोघर फुलपुड्या टाकायचे. ज्याला पुडी हवी तो दाराला पिशवी लटकवून ठेवायचा, पिशवी नाही तिथे बाबा थांबायचे नाहीत. मल्टिकास्ट तसंच. बोलणारा एकदाच बोलतो आणि ज्या केंद्रानं पिशवी लटकवलीय त्यालाच राउटर पुडी टाकतो. कुणाचं कुठे जाऊ द्यायचं आणि कुणाचं अडवायचं, याचे नियम राउटरमध्ये लिहून ठेवतात. त्याला पॉलिसी म्हणतात आणि त्यातल्या एकेका ओळीला आम्ही रूल म्हणायचो. आणि एखाद्या रूलनं किती अडवलं, त्याचा आकडा राउटर स्वतःच मोजतो आणि वेळेसकट त्याची रोजची नोंद ठेवतो.

रोज दुपारी तीनला हजेरी व्हायची. अकोल्याहून राऊत सर एकेक केंद्र पुकारायचे. चांदूर बाजार... हाजिर. असं करत करत सगळ्यात शेवटी धारणी. तिथे कादिरभाई होते. धारणीच्या बाजारात आधी रेडिओ दुरुस्त करायचे, तिथल्या आदिवासींची कोरकू अस्सल बोलायचे, तज्ज्ञांचं बोलणं समोर बसलेल्यांना कोरकूत समजावून सांगायचे. त्यांची हजेरी ठरलेली — ‘धारणी हाजिर! मॅडम, आवाज येऊन रायला का?’ मी ‘येतोय, कादिरभाई’ म्हणेपर्यंत हा माणूस बटण सोडायचा नाही. राऊत सर वैतागायचे, मीही वैतागायची. आता वाटतं, काय घाई होती आम्हाला.

पावसाळ्यात त्यांच्या केंद्राचं अर्थिंग बिघडलं. त्यांनी माइकचं बटण दाबलं की असा काही हम्म आवाज यायचा की बाकीच्या सगळ्या केंद्रांवर कुणाचंच बोलणं ऐकू येईना. एकाचा गोंधळ सगळीकडे वाटला जात होता. सगळीकडून फोन यायला लागले. मग मी एक रूल लिहिला. धारणीचा माइक अडवायचा, बाकी सगळं जाऊ द्यायचं. एका ओळीचं काम.

आता आमच्या धंद्यातली खोड सांगते. असा रूल आम्ही नेहमी ‘तात्पुरता’ म्हणून लिहितो. दोन दिवसांत वायरमन जाईल, मग काढू. राऊत सरांना मी सांगितलं. कादिरभाईंना सांगायला फोन लावला, तर धारणीचे फोन पावसानं बंद; केंद्राची लाइन वेगळी, ती तेवढी चालू. माइकवरून सगळ्यांसमोर काय सांगायचं, उद्या फोनवर सांगू म्हटलं... आणि ते राहूनच गेलं. वायरमनही गेला नाही. कादिरभाईंच्या मशीनवर सगळं ठीकच दिसत होतं, कारण आवाज तिथून निघत होता. तो अडत होता माझ्याकडे. आणि आमचं बोलणं मात्र त्यांना नीट ऐकू जात होतं. ते अडवलेलंच नव्हतं.

आठवडा झाला असेल. दिवसभर धो धो पाऊस. हजेरी उशिरा सुरू झाली, तीन वाजून दहा मिनिटांनी. राऊत सरांनी सवयीनं पुकारलं, ‘धारणी?’ उत्तर नाही. ‘धारणी!’ मी डबा खात होते. माइक ओढून म्हटलं, ‘सर, धारणीचं राहू द्या. पुढे चला.’

दुसऱ्या दिवशी कळलं, कादिरभाई केंद्रातच गेले. माइकसमोर, खुर्चीत.

दहा-बारा दिवसांनी नसीमभाभी, त्यांच्या पत्नी, त्यांचं सामान घ्यायला ऑफिसात आल्या. केंद्र बंद करून तिथला राउटर आणि बाकी सगळं आमच्याकडेच आणलं होतं. कादिरभाईंचा चष्मा आणि एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर मी पाकिटात घालून दिला. त्यांनी चहा घेतला नाही. जाता जाता दारात थांबल्या.

‘मॅडम, एक विचारू? घरून निघताना मले म्हने, छातीत भारी भारी लागून रायलं. दवाखाना नाल्याच्या पल्याड आन् पुलावरून पानी. फोन तं सगळे मुके. म्हने, मी सेंटरवर जातो, माइकवरून मॅडमले सांगतो, त्या पोलिसायच्या वायरलेसवरून सांगून कोनाले तरी धाडतीन. त्यायनं तुमाले आवाज देला होता का?’

मी म्हटलं, ‘नाही भाभी. तिकडून काहीच आलं नव्हतं.’

‘मंग पोचलेच नसतीन बोलापर्यंत,’ त्या म्हणाल्या. ‘बरं झालं. मले वाटे, कोनी आयकलंच नाई त्यायचं.’

त्या जिना उतरून गेल्या आणि मी धावत येऊन राउटरच्या नोंदी उघडल्या. तोपर्यंत रूलकडे मी बघितलंच नव्हतं — खरं सांगायचं तर बघायची हिंमत नव्हती. त्या दिवसाची नोंद होती. तीन दहा ते तीन पस्तीस. पंचवीस मिनिटं तो माणूस बटण दाबून बोलत होता आणि माझी एक ओळ त्याचा शब्द न् शब्द फेकून देत होती. आणि मी ‘पुढे चला’ म्हटलेलं त्यांनी ऐकलं असणार.

इथपर्यंत जे आहे ती माझी चूक आहे. त्यात अमानवीय काही नाही. पुढचं मात्र मला अजून कळलेलं नाही.

रूल काढून टाकायच्या आधी मी त्याचा आकडा शून्य केला. आमची पद्धतच आहे, आधी शून्य करून एक दिवस बघायचं आणि मग काढायचं. धारणीची लाइन तोडलेली, मशीन माझ्या खुर्चीमागच्या कपाटात. आकडा हलायचं काही कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी हजेरी संपली. राऊत सरांनी धारणीचं नाव यादीतून काढलेलं होतं. तीन वाजून दहा मिनिटांनी आकडा पळायला लागला.

मी आधी चिडलेच. कुणीतरी वायर चुकीची लावली असणार. धारणीची लाइन जिथे लागते तो पोर्ट बघितला, बंद. जे अडत होतं ते कुठून येतंय, तो पत्ता बघितला — धारणीचाच. तीन पस्तीसला आकडा थांबला. त्यानंतर पुन्हा शून्य केला. पुढच्या दिवशी परत तेच, आणि शेवटचा आकडाही अगदी तोच. त्या पावसाच्या दिवशी होता, तेवढाच.

कपाट उघडून बघितलं. मशीन थंडगार, वर धूळ, पॉवरची वायर गुंडाळून रबर लावलेली. मीच लावलं होतं ते रबर.

राऊत सरांना फोन केला. ‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘लाइनच तुटेल हाय तं येईन कुठून? जुना आकडा अटकला असन. तुमी दोन दिवस घरी ऱ्हा बरं. लय मनावर घेतलं तुमी.’ चांगला माणूस. पण मी तो आकडा माझ्या हातानं शून्य केला होता. तो पळताना डोळ्यांसमोर पाहत होते मी.

आठ दिवस रोज हेच चाललं. भर दुपारची वेळ, खाली चौकात ऑटोवाल्यांचा गलका, आणि मी खुर्चीला चिकटून बसलेली. पाठ कपाटाकडे करवत नव्हती, म्हणून खुर्ची फिरवून घेतली. रूल काढला की जे अडतंय ते स्पीकरवर येणार, हे मला कळत होतं. ते ऐकायला नको म्हणून मी तो काढत नव्हते. हेही कळत होतं.

नवव्या दिवशी काढला. स्वतःवर राग आला म्हणून काढला, धैर्यानं नव्हे.

तीन वाजून दहा मिनिटं. स्पीकरमधून आधी तो हम्म आला... तोच. मग श्वास. जड, ओढून घेतलेला. आणि मग —

‘धारणी हाजिर. मॅडम, आवाज येऊन रायला का?’

मी हललेच नाही.

‘मॅडम... राऊत सरले म्हना, पुढे नका जाऊ. मी हावो इथं.’

आणि मग ते गप्प झाले. पण बटण सोडलेलं नव्हतं, कारण हम्म चालूच होता. ते थांबले होते. नेहमीसारखे. माझं उत्तर येईपर्यंत बटण सोडायचं नाही, ही त्यांची सवयच होती.

माझ्यासमोर माइक होता. हातभर अंतरावर. मी त्याला हात लावला नाही. मी कीबोर्ड ओढला आणि तो रूल परत टाकला. आवाज तुटला.

आकडा एकदाच हलला, थोडासा. मग थांबला. तीन पस्तीसपर्यंतसुद्धा गेला नाही. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशीही शून्य. पुढे ती योजना गुंडाळली गेली तोवर मी रोज बघत होते. तो आकडा पुन्हा कधीच हलला नाही.

या क्षेत्रातल्या बऱ्याच जाणकारांना मी आडून आडून विचारलंय की बंद लाइनवरून आवाज कसा येईल. कुणी बफर म्हणतं, कुणी लूप म्हणतं, कुणी मला डॉक्टरचं नाव सुचवतं. यातलं एकही कारण मला पटत नाही, आणि माझ्याकडे दुसरं नाही. नसीमभाभींना मी अजून खरं सांगितलेलं नाही. धारणीची गाडी परतवाड्याहून सुटते. मी दोनदा तिथपर्यंत जाऊन परत आलेय.

भूत असतं की नाही, ते मला ठाऊक नाही. पण त्यांनी मला फार अवघड काही विचारलं नव्हतं हो. रोज विचारायचे तेच विचारलं होतं, आणि तो रूल लिहिल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदाच मला खरंच ऐकू येत होतं. ‘येतोय, कादिरभाई’ एवढंच म्हणायचं होतं.