कुरडयांवरची सावली

ऊन कसं वापरायचं, हे तुम्हाला कधी कुणी कायद्याने शिकवलंय का? आमच्या शेजारच्या कुसुमकाकूंना शिकवलं. नव्या नियमाने प्रत्येक घरावर सौर बंब सक्तीचा झाला. नाही बसवला तर नळ तोडणार. काकूंची गच्ची दोन खाटांएवढी. तिथे वाळवलेल्या कुरडया विकून त्यांचं घर चालतं. आज निम्म्या कुरडया बंबाच्या सावलीत ओल्या राहून आंबल्या.

"ऊन वापरा म्हणे! इतकी वर्षं मी काय चांदण्यात वाळवत होते गं?" काकू म्हणाल्या.

माझ्या अंगाची आग झाली. सभागृहात हात वर करणाऱ्यांनी अशी एक तरी गच्ची पाहिली होती का? उन्हावर जगणाऱ्या बाईचं ऊनच त्यांनी काढून घेतलं.

आमदार मतं मागायला आले, की त्यांना ओवाळू नका. आधी गच्चीवर न्या आणि हा नियम बदलायला लावा.