आमराईच्या विहिरीचं गडवाभर पाणी

लोणखेडीत नवी विहीर काढायची म्हणजे आधी शफीला बोलवायचं, मग पंचांग बघायचं, आणि इंजिनीअर वगैरे मंडळी सगळ्यात शेवटी, तीही कोणाच्या ओळखीत असली तर. मोर्शीच्या अलीकडच्या त्या संत्र्याच्या पट्ट्यात शफी पाणाड्या होता, म्हणजे जमिनीतलं पाणी सांगणारा. सकाळी उपाशीपोटी यायचा, चपला बांधावर काढायचा, तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि वावरातून चालायला लागायचा. मागून घरची सगळी माणसं श्वास रोखून चालायची. एका जागी नारळ हळूच उभा राहायचा. शफी टाचेनं खूण करायचा आणि म्हणायचा, "अथी."

पण त्यापुढचं काम त्याच्या लेखी नारळाहून मोठं होतं. गावाच्या आमराईच्या विहिरीचं गडवाभर, म्हणजे तांब्याभर, पाणी मालकानं स्वतः, सूर्य उगवायच्या आत, शेंदून आणायचं आणि त्या खुणेवर ओतायचं. त्याशिवाय कुदळ लावू द्यायचा नाही. त्याच्या बापानं ही रीत घालून दिलेली. बाप म्हणायचा, "पाण्याले पाण्याची ओळख द्या लागते, नाई तं थे परक्यासारखं बाजूनं निंघून जाते." हिंदू असो, मुसलमान असो, कोणीही ही रीत मोडली नाही. पुढं विहिरी जाऊन बोअर आले तरी गडवा राहिला.

आमराईची विहीर त्याच बापानं सांगितलेली. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या गावानं मिळून खोदली, सात परस, म्हणजे सात पुरुष, खोल. शेजारच्या तीन गावांनी तिच्यावर तो दुष्काळ काढला. आमराई कधीचीच तुटली, तिथं आता मोबाइलचा मनोरा आणि संत्री भरायचं शेड आहे. नाव तेवढं राहिलं. शफी रोज पहाटे नमाज झाला की तिथं जायचा, वाकून तळ बघायचा आणि घरी येऊन आयशाबीला सांगायचा, "हाये." आयशाबी चहा ठेवायची. चाळीस वर्षांचा त्यांचा संसार या एका शब्दानं सुरू व्हायचा.

शफीला फार उशिरा एक गोष्ट कळली. त्याच्या तरुणपणी नारळ हातातून सुटून जिथं पडला असता तिथंही पाणी लागलंच असतं. पाणी सगळीकडेच होतं. तो नुसता बोट दाखवत होता आणि लोक त्याच्या बोटाला नमस्कार करत होते. हे कळलं तेव्हा मद्रासकडच्या बोअरच्या गाड्या येऊन वीस वर्षं झाली होती. दोनशे फुटांवर लागणारं पाणी चारशेवर गेलं, चारशेचं आठशेवर. एकाच्या बोअरला पाणी लागलं की शेजाऱ्याचा बोअर फुफाटा ओकायचा. मग शेजारी शफीकडे यायचा, शफी आणखी एक जागा सांगायचा. दोघंही त्याला दुवा द्यायचे.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात आमराईच्या विहिरीत जेमतेम गुडघाभर पाणी उरलं. विहिरीजवळच्या पारावर ग्रामसभा बसली. भूजलवाला साहेब नकाशा घेऊन आला. त्यात सगळा भाग लालभडक. तो म्हणाला, "खालचं पाणी पूर्वजांच्याही पूर्वजांचं आहे. तुम्ही ते एका पिढीत उपसलंत." सरपंच सूर्यभाननं ठराव मांडला की विहिरीच्या अर्ध्या कोसात इथून पुढं कोणी बोअर मारायचा नाही. हात वर झाले. तेव्हा शफी उठला. त्यानं विहिरीचं पाणी शेंदलं, बादलीत हात बुडवला आणि शपथ घेतली, "मी आता पाणी सांगणार नाई. ह्या विहिरीची आन." मग आपला नारळ त्यानं पाराच्या दगडावर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. टाळ्या पडल्या. गोदाबाई म्हणून एक म्हातारी होती, विहिरीसमोरच राहायची. तिनं डोळे पुसले.

आणि ठराव लागू पडला! हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं पाहिजे. पाच वर्षं विहीर टिकली. एका पावसाळ्यात तर चार परस पाणी वर आलं. करता येतं, हे लोणखेडीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

दोन हजार चोवीसच्या एप्रिलात जानराव आला. जानराव शफीचा शाळेतला जोडीदार, एका ताटात जेवलेला. त्याची सहाशे झाडांची बाग, बापानं लावलेली, विहिरीच्या त्याच अर्ध्या कोसात. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यातल्या फुलोऱ्याची, फळं गोटीएवढी होऊन गळत होती.

"शफी, झाडं उभ्यानं वाळून रायले बाप्पा. मले एक जागा सांग."

"म्या शपथ घेतली हाये जानराव. तुह्या समोर घेतली."

"माह्या एकट्याच्या बोअरनं काय होते? अख्ख्या गावाच्या पाण्यात एक गडवा कमी. कोनाले समजते?"

तीन दिवस शफी नाही म्हणाला. चौथ्या दिवशी जानराव त्याला बागेत घेऊन गेला. पानं सुकून वळलेली होती, हात लावला की खाली यायची. जानराव एका झाडाला टेकून लहान पोरासारखा रडला. शफीला ते बघवलं नाही, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. पाच वर्षांत त्याला कोणी बोलावलं नव्हतं. लग्नात पहिल्या पंगतीला बसणारा माणूस आता मागच्या खुर्चीवर बसायचा. आयशाबीनं त्या संध्याकाळी भाकरी वाढता वाढता नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"जानरावभाईका नाम कायको लेते? हात तो तुमारे खुजला रहे."

दुसऱ्या दिवशी त्यानं किराणा दुकानातून नारळ आणला.

जागा सांगितली. आणि गंमत बघा, शपथ मोडणाऱ्या माणसाला रीत मात्र मोडवेना. शफी म्हणाला, "गडवा लागन." जानरावलाही ते पटलं. चोरी करायची तर नीट, शास्त्रानं करायची. तांबडं फुटायच्या सुमारास जानराव गडवा घेऊन विहिरीवर आला. गोदाबाई अंगण झाडत होती. तिनं विचारलं तर म्हणाला, तुळशीला घालायला पाणी नेतो. बोअरची गाडी रात्रीची आली, जुना बोअर साफ करायच्या नावाखाली, आणि सातशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. जानरावनं शफीच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं, आणि शफीला, लाज वाटली तरी, बरं वाटलं.

आठच दिवसांनी सूर्यभान सरपंच दारात उभा. शफीला वाटलं, आता पंचायत बसणार. सूर्यभान आत आला, चहा प्याला, दार लोटलं आणि म्हणाला, "जानरावले देल्ली ना जागा? मंग मले काहून नाई? माह्याच झाडाइले तहान लागत नाई का?"

पहिल्याला दिली नसती तर दुसऱ्याला नाही म्हणता आलं असतं. मग तिसरा आला, चौथा आला. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नऊ झाले. नवापैकी प्रत्येकजण म्हणायचा, माझ्या एकट्यानं काय होतं, आणि प्रत्येकाकडून शफी वचन घ्यायचा की ही गोष्ट कोणाला सांगू नका.

गडव्यानं सगळं चव्हाट्यावर आणलं. एका पहाटे तिघंजण एकदमच विहिरीच्या काठावर आले, तिघांच्या हातात तांब्याचे गडवे. चोराच्या मनात चांदणं. एकानं आभाळाकडे पाहिलं, एकानं दोर तपासला, तिसरा उगाच खाकरला. तेरी भी चूप, मेरी भी चूप. गोदाबाई झाडणी थांबवून म्हणाली, "काय बाप्पा, गावात एवढ्या तुळशी कवा लागल्या?"

ते शफीच्या कानावर गेलं. तेव्हापासून त्याला तिच्या दारावरून जाणं जड व्हायला लागलं. विहिरीत तो रोज बघतच होता. दोन परस होतं ते एकावर आलं, एकाचं गुडघ्यावर. घरी येऊन तो "हाये" म्हणायचा, पण आता आयशाबी त्याच्या तोंडाकडे बघूनच चहा ठेवायची.

मेच्या मध्याला, पारा सेहेचाळीसवर असताना, सूर्यभाननं विहिरीपाशी सभा बोलावली. लोक बोलायला लागले. कोणी म्हणालं पाऊसमान बदललं. कोणी म्हणालं शहरातल्या एसीमुळे होतंय. कोणी नांदगाव पेठेच्या कारखान्यांवर घसरला, कोणी सरकारवर, कोणी थेट अमेरिकेवर. सगळे जोरजोरात बोलत होते आणि त्यातलं बरंचसं खोटंही नव्हतं. फक्त अर्ध्या कोसातल्या नऊ बोअरचं नाव कोणी काढत नव्हतं. शफीला ते ऐकवेना. तो उठला.

"म्या शपथ मोडली," तो म्हणाला. "विहीर म्या आटोली. म्या आन ह्या..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण नऊ जोडी डोळे त्याच्यावर रोखलेले होते. जानरावनं मान खाली घातली. सूर्यभान लगबगीनं पुढं आला, त्यानं शफीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शफीभाऊ, बसा. ऊन लागलं तुमाले. कोनी पानी द्या बा यायले."

कोणीतरी पाणी दिलं. शफी बसला. आयुष्यात त्याला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. बसायला नको होतं, हे त्याला बसता बसताच कळलं होतं.

त्या रात्रीच्या जेवणाला आयशाबी म्हणाली, चला, अकोल्याला महेजबीनकडे जाऊन राहू. लेकीला फोन लावला. ती आनंदली, या म्हणाली, इथंही नळ येऊन नऊ दिवस झालेत पण होईल कसंतरी. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "अब्बा, आते वक्त नारळ लेके आना. हमारे बिल्डिंगवाले बोअर मार रहे." शफीनं ताट पुढं सारलं. जायचं राहिलं.

मग वरातीमागून घोडं आलं. पंचायतीनं ठरवलं की पिण्याच्या पाण्यासाठी गावानंच बोअर मारायचा, आमराईच्या विहिरीच्या बाजूलाच, बाराशे फूट. मागचा ठराव कोणी वाचला नाही. जागा अर्थातच शफीनं सांगायची.

सगळं गाव जमलं, त्या दिवशी गावात लग्न होतं त्या मांडवातली माणसंही आली. बायका रिकाम्या हंड्या-गुंडांची रांग लावून उभ्या होत्या. शफीनं चपला काढल्या. जमीन तव्यासारखी तापलेली. त्यानं तळहातावर नारळ ठेवला आणि चालायला लागला, विहिरीभोवती एकदा, दोनदा, तीनदा. नारळ हातावर निपचित पडून होता. लोक बघत होते. गोदाबाई बघत होती. चौथ्या फेरीला शफीनं अंगठ्यानं नारळ हळूच लोटून उभा केला. सगळ्या आयुष्यात त्यानं हे कधी केलं नव्हतं. गर्दीतून सुस्कारा उठला. त्यानं टाचेनं खूण केली.

"अथी."

बोअरची गाडी मागं सरकत खुणेवर येऊन उभी राहिली. सूर्य केव्हाच वर आला होता, तरी सूर्यभाननं गडवा गोदाबाईच्या हातात दिला. गावाचा बोअर, गावातलं सगळ्यात जुनं माणूस, मान तिचा. तिनं विहिरीत बादली सोडली. दोर जात राहिला, जात राहिला, आणि खालून खण्णकन् आवाज आला. बादली दगडावर आपटली होती. तिनं दोर हलवला, बादली फिरवली, पुन्हा सोडली. पुन्हा तोच आवाज. वर आली तेव्हा बादलीच्या बुडाशी ओली रेती होती, मूठभर.

सकाळी शफीनं वाकून पाहिलं होतं तेव्हा तळाशी ओंजळभर पाणी चमकल्यासारखं वाटलं होतं. घरी जाऊन तो "हाये" म्हणाला होता.

"आता काय बाप्पा?" गोदाबाईनं विचारलं. रिकामा गडवा तिनं शफीपुढं धरला. "शफी, पानी नसन तं ओळख कोनाची देतं?"

इथं थांबता आलं असतं. गाडी परत पाठवता आली असती, नऊ बोअरना कुलपं घालता आली असती, एकानं जरी तोंड उघडलं असतं. शफीनं जानरावकडे पाहिलं. जानरावनं सूर्यभानकडे पाहिलं. सूर्यभाननं घड्याळात पाहिलं आणि म्हणाला, "लग्नाच्या मांडवातून एक जार आना रे. पानी थे पानी."

निळा जार आला. गडवा भरला गेला. मोर्शीहून गाडीनं आलेलं, बर्फ घालून गार केलेलं ते पाणी शफीनं बापाच्या विहिरीशेजारी, स्वतःच्या खोट्या खुणेवर ओतलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं.

मशीन सुरू झालं. पांढरा फुफाटा उडायला लागला. चारशे फूट, आठशे, हजार. हंड्या-गुंडांवर धूळ बसली, बायकांच्या पदरांवर बसली, गोदाबाईच्या भुवया पांढऱ्या झाल्या. बाराशेला गाडीवाल्यानं मशीन थांबवलं, तोंडावरचं फडकं खाली केलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "पानी नहीं. और नीचे जाना?"

गाव एका तोंडानं ओरडलं, "जा!"

त्या आवाजात आपलाही आवाज होता, हे शफीला ओरडून झाल्यावर कळलं.