बारा आणे कुणाला दिले?

आमच्या घरासमोर सभागृह बांधून झालं आणि त्याच्या भिंतीवर ग्रॅनाइटचा फलक बसला. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांना मी आत्याबाई म्हणते. फलक बसला त्याच संध्याकाळी त्यांनी मला शिलाई मशीनवरून उठवून नेलं.

"वाच बरं, काय काय लिवलंय."

कामाचं नाव, योजना, अंदाजित रक्कम असं मी वाचत गेले. शेवटी होता प्रत्यक्ष खर्च. लाखांचा आकडा, आणि त्याच्या टोकाला पंच्याहत्तर पैसे.

"म्हंजे बारा आणे?" आत्याबाई म्हणाल्या. "आता पोरं रुपया पडला तरी उचलत न्हायती. ह्ये बारा आणे कुणाला दिले आसतील गं?"

मला हसू आलं, पण प्रश्न डोक्यात राहिला. मी ब्लाउज शिवते. अस्तर, हुक, दोरा, सगळं मनात धरून एक गोल रक्कम सांगते. सरकारला गोल रक्कम का सांगता आली नसेल?

दुसऱ्या दिवशी मी आमच्या जळकोटच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांना विचारलं. माणूस भला. त्यांनी रोकड वही काढून दाखवली. एवढ्या मोठ्या बांधकामाची तिथं एकच ओळ होती: धनादेश, ठेकेदाराचं नाव, रक्कम. पैशांसकट.

"हे असंच वरून येतं ताई. आम्ही फक्त उतरवतो. तुळजापूरला इंजिनिअर साहेब बसतात, त्यांना विचारा."

अस्तराचं कापड आणायला मला तुळजापूरला जायचंच होतं. आत्याबाई म्हणाल्या, "म्या बी येते." पदराचं टोक खोचून त्या माझ्याआधी एसटीत चढल्या.

इंजिनिअर साहेब तरुण होते, मूळचे उमरग्याकडचे. टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या. मी प्रश्न सांगितला तसे ते सावध झाले.

"काही तक्रार आहे का? असेल तर रीतसर अर्ज द्या."

"आर्ज कशाला सायेब?" आत्याबाई म्हणाल्या. "बारा आणे कुणाला दिले, तेवढं सांगा. आमी जातो."

साहेब आधी गोंधळले आणि मग मोठ्यानं हसले. त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. मोजमाप पुस्तिका. भिंतीची लांबी, रुंदी, उंची. गुणाकार केला की घनमीटर, त्याला दरानं गुणलं की रुपये. "गुणताना पैसे येतात, मावशी. बारा आणे कुणालाच दिले नाहीत. ते हिशेबातून आपोआप आले."

आत्याबाईंचा चेहरा पडला. त्यांना कुणीतरी माणूस हवा होता. मला मात्र आता त्या दराचंच कुतूहल वाटू लागलं. एका घनमीटर भिंतीचा दर ठरवतात कसा? साहेबांनी दरसूची उघडली आणि मी वाचायला लागले. विटा, सिमेंट, वाळू, वाळू किती लांबून आणायची त्याचं भाडं, गवंड्यांना चढायला पायाड बांधणं. वाक्य काही संपेना. शेवटी होतं, "पाणी मारण्यासह."

"पाणी?" आत्याबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "पाणी तर म्या मारलं."

ते मला ठाऊकच होतं. ऐन उन्हाळ्यात ठेकेदाराचा मुकादम आमच्या ओसरीवर आला होता. 'मावशी, आमचा गडी दुसऱ्या कामावर गेलाय, सकाळ-संध्याकाळ भिंतीला जरा पाणी मारता का?' आत्याबाईंनी आमच्या बोअरचं पाणी नळीनं मारलं. ती नळी त्यातच तोंडापाशी फाटली. पण घराची असो की गावाची, भिंत कोरडी राहू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते काम कुठल्या कागदावर आधीच लिहिलेलं असेल असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं.

आत्याबाईंच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "मग त्या पाण्याचं किती धरलं व्हतं?"

"वेगळं काढून मी कधी बघितलं नाही," साहेब म्हणाले. त्यांनी दुसरं एक जुनं पुस्तक खाली काढलं, धूळ झटकली आणि दराची फोड शोधायला लागले. आम्ही दोघी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. गवंडी, मजूर, आणि त्याच्याखाली एक शब्द होता. मी वाचला, "भिस्ती."

"भिस्ती!" आत्याबाई एकदम ओरडल्या. "आमच्या लहानपणी पाठीवर कातड्याची पखाल घिऊन पाणी घालायचा तो! त्यो आजून सरकारात हाय व्हय?"

"कागदावर आहे," साहेब म्हणाले.

"म्हंजे म्या भिस्ती झाले की!" त्या एवढ्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे बाबू उठून आले.

साहेबांनी आमच्यासमोरच ठेकेदाराला स्पीकरवर फोन लावला आणि पाण्याचं सांगितलं. तिकडून आवाज आला, "अहो, मावशींना एक चांगली साडी देतो ना."

"साडी नगं," आत्याबाई फोनकडं बघत म्हणाल्या. "भिस्तीची मजुरी द्या."

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आठवडी बाजाराच्या दिवशी मोटारसायकल दारात थांबली. ठेकेदार ओशाळलेला होता. "मुकादमानं मला काही सांगितलंच नाही," म्हणाला. खरं-खोटं देव जाणे. दोघांनी ओसरीवर बसून बोटांवर दिवस मोजले, थोडी घासाघीस झाली, आणि त्यानं पैसे आत्याबाईंच्या हातावर ठेवले. मग खिशातून डायरी काढली.

मी सहज विचारलं, "हे तुम्ही कुठं लिहिणार?"

"किरकोळमध्ये टाकतो, ताई. बिल तर कधीच निघालंय."

"किरकोळ?" आत्याबाई म्हणाल्या. "उन्हातान्हात हुबी व्हते म्या. मजुरी म्हून लिवा."

त्यानं लिहिलेलं खोडलं आणि नव्यानं लिहिलं. डायरीत डोकावून मी मोठ्यानं वाचलं, "मजुरी, पाणी मारणे." आत्याबाईंनी मान हलवली आणि मला चहा टाकायला सांगितलं. तो चहा पिऊन गेला तशा त्या बाजाराची पिशवी घेऊन निघाल्या. आधी नवी नळी घ्यायची होती.