भास्करची हजेरी

राइस मिलमध्ये काम करणाऱ्याच्या अंगावर कोंडा बसतो, तसे लॉ कॉलेजातले किस्से आमच्या अंगावर बसले. कितीही झटका, कॉलरच्या आत थोडा राहतोच! पूर्वी ते सांगताना आम्हीच आधी हसायचो. आता फक्त ऐकणारे हसतात.

आम्ही म्हणजे तिघं. सुलभा अड्याळच्या एका शाळेत मास्तरीण. मी भंडाऱ्यात एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. आणि भास्कर, करडी गावचा, घरातला पहिला मॅट्रिक, नंतर बी.ए., आणि पोटासाठी गावाबाहेरच्या एका राइस मिलमध्ये फिटर. एका सकाळी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मशीनच्या पट्ट्यात गेली. मालक म्हणाला, भास्कर त्या वेळी मिलमध्ये नव्हताच. होता की नव्हता, यावर भास्करची नोकरी आणि भरपाई दोन्ही लटकली. हे आधीच सांगतो, म्हणजे मधल्या गमतींना कोणी भुलायला नको.

*

कॉलेज सकाळी सात ते नऊ, एका शाळेच्या दोन खोल्यांत. नोकरीवाल्यांसाठीच काढलेलं. पण नोकऱ्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं! सुलभाची एसटी पंक्चर व्हायची, माझ्या साहेबाला सकाळीच बंगल्यावर फाइल लागायची, भास्करच्या मालकाला तर वेळकाळच नव्हता. आणि हजेरी भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म मिळत नाही. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. जो येईल त्यानं तिघांची हजेरी द्यायची.

सुलभाच्या नंबरची मोठी पंचाईत होती. भास्कर तोंडावर रुमाल धरून, खोकत, बारीक आवाजात "हजर" म्हणायचा. एकदा सरांनी विचारलं, "बाईंना फारच खोकला झालाय का?"

"हो सर," भास्कर आपल्या आवाजात म्हणाला, "मी सांगतो त्याइले औषध घ्याले."

सरांनी मान वर केली नाही. वर्गात पाच माणसं होती आणि त्यात बाई एकही नव्हती.

*

पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक महाग. तिघांत एकच घेतलं आणि शिवण उसवून त्याचे तीन भाग केले. दर शनिवारी अदलाबदल, बसस्टँडसमोरच्या हॉटेलात, तर्री-पोह्याच्या एका प्लेटीवर. तीन चमचे, तीन भाग! त्या अर्ध्या तासासाठी मी आठवडा काढायचो. भास्करकडून आलेल्या पानांत कोंडा निघायचा, सुलभाकडून आलेल्या पानांत खडूची भुकटी.

चाचणीच्या आधी एक शनिवार बुडाला. ज्याच्याकडे जो भाग होता, तेवढंच त्याला आलं. पेपर वाटताना सर म्हणाले, "तुम्ही तिघं मिळून एक वकील व्हाल."

भास्कर म्हणाला, "पण सर, फी तं तिघाईची घेता!"

*

सुलभाचे हेडमास्तर रोज एक टोमणा मारायचे. एक दिवस स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही वकील झाल्या तर घरी भाकरी कोण थापल?"

"ज्याले भूक लागल तो, सर."

दुसऱ्या दिवशी तिला उद्धटपणाचा मेमो मिळाला. आठवड्याभरानं हेडमास्तरांनी तिला एकटीला बोलावलं. भावानं वाटणीत धानाच्या बांधीचा तुकडा दाबला होता, त्याचे कागद पुढे टाकले. "पाहा ना जरा बाई, यात काय करता येईल?"

तिनं पाहिलं, नोटिशीचा मसुदाही लिहून दिला. मेमो काही मागे घेतला गेला नाही. मी चिडलो, तर म्हणाली, "अरे, भाऊ खरंच चोर होता."

*

माझं तर विचारूच नका. सरकारी नोकराला शिकायला परवानगी लागते. मी अर्ज केला. आवकला मीच होतो, नंबर मीच टाकला. सहा महिन्यांनी वरून शेरा आला, "अर्जदारास शिक्षणाची आवश्यकता काय, विचारावे." विचारायचं पत्र टाइप कोणी करायचं? मी! मी मला पत्र लिहिलं, जावकात चढवलं, आवकात घेतलं आणि "न्यायासाठी" असं उत्तर पाठवलं.

हेडक्लार्कनं चष्मा कपाळावर ढकलला. "न्यायासाठी काहून लिवलंस बे? प्रमोशनसाठी लिव. न्याय पाह्यला का साहेब भडकते!"

मी बदललं नाही. परवानगी आजतागायत आलेली नाही.

*

श्रावणातली गोष्ट. त्या दिवशी पाळी माझी होती. भास्कर कॉलेजला यायलाच निघाला होता. मालकानं मिलच्या फाटकाशी अडवलं. "पट्टा निसटून राह्यला. दहा मिनिटाचं काम आहे, करून जाय."

पट्ट्यावरची जाळी महिन्यापूर्वी काढून ठेवली होती. दर खेपेला काढा-घाला करण्यात वेळ जातो म्हणून.

तिकडे त्याचा हात पट्ट्यात गेला आणि इकडे मी, त्याच सुमाराला, वर्गात बसून त्याच्या नंबरला "हजर सर!" म्हणालो. चांगलं खणखणीत म्हणालो.

मालकानं स्वतःच्या जीपमधून त्याला ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. नंतर दवाखान्यात केळी घेऊन आला. "भास्कर, तू मले पोरासारखा. काळजी नको करू." डॉक्टरच्या कागदावर लिहिलेलं होतं, रस्त्यात अपघात. मिलच्या मस्टरवर भास्करची सही नव्हती, कारण मस्टर नऊ वाजता निघायचं. हातगाडी ओढणाऱ्या दोघांनी सगळं पाहिलं होतं. ते म्हणाले, "आमाले काई मालूम नाई जी." त्यांनाही उद्या तिथंच जायचं होतं.

पंधरा दिवसांनी मालकाचं पत्र आलं. सदर इसम त्या वेळी लॉ कॉलेजात होता. सोबत हजेरीच्या पानाची नक्कल.

मालकानं वकील दिला होता. आमचे सरच! सकाळी ते आम्हाला पुराव्याचा कायदा शिकवायचे, दुपारी तोच चालवायचे.

*

त्या शनिवारी पोहे तसेच थंड झाले. मी म्हणालो, "मी जाऊन खरं सांगतो."

"नको," भास्कर म्हणाला. बँडेज बांधलेला हात त्यानं टेबलाखाली ठेवला होता. "तू सांगशील तं तिघाईची हजेरी कटल. परीक्षा गेली समज. तिघांतला एक तरी वकील झाला पायजे."

"आणि तुझं काय?"

"मी काय, डाव्या हातानं लिवाले शिकून राहिलो."

सुलभानं प्लेट बाजूला सारली. "हे बघ, याचा हात जाताना आपण याला वर्गात बसवलं. आता आपणच उठवायला पाहिजे. माझं नावही सांगून टाक. खोकलाही सांग."

भास्कर आम्हा दोघांवर इतका चिडला की पोह्यांचे पैसे न देता निघून गेला. त्या दिवशी पैसे द्यायची पाळी त्याची होती.

*

भास्करच्या भरपाईच्या अर्जाची चौकशी कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीत, दिवाळीनंतर. मला खुर्ची दिली. समोर सर, हातात कॉलेजचं रजिस्टर. मी घरून भाषण पाठ करून गेलो होतो. सरांनी ते करूच दिलं नाही.

"या पानावर सतरा नंबर, म्हणजे भास्कर, हजर आहे?"

"पानावर आहे. वर्गात नव्हता."

"मग हजर कोण म्हणालं?"

"मी."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही, सर."

अधिकारी हसले. सर हसले नाहीत. "जो माणूस रोज सकाळी सात वाजता खोटं बोलतो, तो आज दुपारी बारा वाजता खरं बोलतो, हे साहेबांनी कशावरून मानायचं?"

माझं डोकं तापलं. "सर, त्या दिवशी हजेरी तुम्हीच घेतली होती. तुम्हीच सांगा ना, भास्कर होता का वर्गात?"

"साक्षीदारानं वकिलाला प्रश्न विचारायचा नसतो," सर शांतपणे म्हणाले. "हे मी तुम्हाला शिकवलंय."

*

महिन्याभरानं निकाल घ्यायला तिघंही गेलो. त्याच आठवड्यात कॉलेजच्या फळ्यावर नोटीस लागली होती. माझ्या कबुलीवरून तिघांचीही खोटी हजेरी रद्द. सुलभा आणि मी कसेबसे काठावर तरलो, आमचे खरे दिवस जास्त होते. भास्कर बुडाला. श्रावणातली ती सकाळसुद्धा खोडली होती, लाल शाईनं.

कामगार कचेरीतल्या बाबूनं निकालाचा कागद दिला. भास्करनं तो डाव्या हातात धरून वाचला. कॉलेजचं रजिस्टर हा लेखी पुरावा असून त्यावरून अर्जदार त्या वेळी वर्गात हजर असल्याचे सिद्ध होते. साक्षीदार विश्वासार्ह नाही. अर्ज फेटाळला.

पायऱ्यांवर सर भेटले. दुसऱ्या कुठल्या तरी केससाठी आले होते, काखेत फाइली. माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "साक्ष चांगली दिलीस हं. उलटतपासणीत डगमगला नाहीस. होशील तू वकील."

मग भास्करकडे वळले. त्याच्या हाताकडे पाहिलं, चेहरा खरोखर कळवळला. "आणि तू रे भास्कर," ते म्हणाले, "उद्यापासून वर्गाला येत जा बाबा. तुझी हजेरी कमी पडतेय."