माउंटखालचा हात

बावीस वर्षं चित्रांच्या चौकटी ठोकणाऱ्या त्या बाईला सगळे फ्रेमवालीच म्हणत. तिच्या मापात केसाचाही फरक पडत नसे. जिभेला मात्र काही माप नव्हतं.

दोन देशांच्या चित्रकारांचं एकत्र प्रदर्शन ठरलं, विषय ‘आईबाप होणं’. एकमेकांची घरं कळावीत म्हणून परदेशी पाहुण्यांना महिनाभर इथल्या घरांत ठेवलं होतं. फ्रेमवालीच्या दुकानावरच्या खोलीत एक चित्रकार बाई आली, आणि आठवड्याभरात फ्रेमवालीच्या नऊ वर्षांच्या लेकीने तिला मावशी करून टाकलं.

माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते फ्रेमवालीला आजवर गमतीचं वाटायचं. आता पोरगी दप्तर दुकानात आपटून थेट जिना चढायची. शाळेत काय झालं विचारलं, तर आईला उत्तर ‘काही नाही’. तेच वर जाऊन अर्धा तास हातवारे करून सांगायची, आणि तेही जिला इथल्या भाषेतले पंधरा शब्द येत नव्हते तिला. त्यात पाहुणी स्वभावाने गोड, म्हणजे भांडायलाही निमित्त नाही. फ्रेमवालीचा नुसता जळफळाट व्हायचा. त्या भरात एकदा तिने खिळा सोडून अंगठ्यावरच हातोडी घातली आणि नख काळं करून घेतलं.

चित्रं फ्रेमला आली. पाहुणीने लेकीला काढलं होतं, स्टुलावर बसलेली, पाय लोंबकळत. कागदाच्या उजव्या कडेतून एक हात आत आला होता आणि बोटं तिच्या खांद्याला टेकली होती. अंगठ्याचं नख काळं. पाहुणीची नखं कायम रंगाने बरबटलेली असत. फ्रेमवालीच्या डोक्यात तिडीक गेली. पोरगी माझी, विषय आईबाप, आणि खांद्यावर हात हिचा?

चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची खिडकी बसवतात, तिला माउंट म्हणतात. खिडकी किती मोठी ठेवायची, हे कापणाऱ्याच्या हातात. फ्रेमवालीने उजवीकडे पुठ्ठा चार बोटं जास्त ठेवला. कुणाला संशय नको म्हणून डावीकडेही तेवढाच. चित्राला ओरखडा नाही, हात मात्र गुडूप.

उद्घाटनाला पाहुणी चित्रासमोर थांबली. तिने एकदा चित्राकडे, एकदा फ्रेमवालीकडे पाहिलं आणि बाजूला झाली. जिंकल्यासारखं वाटेल, अशी फ्रेमवालीची कल्पना होती. तेवढ्यात लेक आली.

“आई, तुझा हात कुठे गेला?”

“माझा?”

“तू खाली काम करायचीस तेव्हा ती जिन्यातून बघून काढायची. नख काळं कर, हे मीच सांगितलं तिला.”

फ्रेमवालीने अंगठा मुठीत लपवला. माप चुकलं म्हणता आलं असतं, पण आईचं माप चुकत नाही, हे लेकीला पक्कं माहीत होतं.

“मला वाटलं, तो तिचा आहे.”

“तिचा असता तर झाकायचा का?”

भरल्या हॉलमध्ये फ्रेमवालीने चित्र भिंतीवरून उतरवलं, मागच्या खोलीत नेलं आणि पालथं घालून खिळे उपसायला लागली. पाहुणी पाठोपाठ आली आणि फ्रेमची दुसरी कड धरून उभी राहिली. लेक पाहुणीच्याच शेजारी उभी होती. फ्रेमवालीने मान वर केली नाही.