कुरडई सरांची रिकामी चौकट

कुरडई सरांनी शिकवलेलं समजलं, असं म्हणणारा विद्यार्थी वर्ध्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मला भेटला नाही. सरांना त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी घाईने मान डोलावली की ते संशयाने बघत. "इतक्या लवकर समजलं? मले तर अजून नाई समजलं."

कुरडई हे नाव पोरांनी ठेवलेलं. सिलिकॉनच्या चिपवर धातूच्या बारीक पट्टीची वेटोळी घालून कॉइल बनवायची, हा सरांचा ध्यास. फळ्यावर, बसच्या तिकिटावर, टेबलावर सांडलेल्या चहात ते बोटानं वेटोळीच काढत, तीही चौकोनी. गोल काढायची सोय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती, एवढं साधं कारण. ते सांगायचं सोडून सर गोल म्हणजे नेमकं काय यावर तासभर बोलत, आणि आम्हाला येत होतं तेही विसरायला होई.

एम.ई.ला मी त्यांच्याच हाताखाली होते. मुंबईच्या एका संस्थेने आपल्या चिपवर आम्हाला चिमूटभर जागा दिली, ती एकदाच. कॉइलचं गणित आधी कॉम्प्युटरवर मांडायचं, चिप बनून आली की मोजायचं. दोन्ही जुळलं तर माझी डिग्री. जागेत दोन कॉइली बसत होत्या. सरांनी एकच बसवली. दुसऱ्या चौकटीत मोजणीच्या सुया टेकवायच्या जागा तेवढ्या ठेवल्या, मध्ये काहीच नाही. मी रडकुंडीला आले. आई म्हणाली, एवढंसं वावर मिळालं अन् अर्धं पडीत ठेवलं? सरांना विचारलं, तर त्यांनी इतकं समजावलं की मी आणखीच गोंधळले.

चिप आली. मुंबईत कॉइल मोजली, तर आकडा गणिताच्या आसपासही नाही. एसटीडी बूथवरून सरांना फोन लावून आकडा सांगितला. सरांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

"पोरी, सुया टेकवायच्या जागाही त्यात मोजल्या गेल्या न. आता रिकामी चौकट मोजजो अन् ते यातून वजा करजो. उरन ते आपलं."

वजा केलं आणि आकडे जुळले. अगदी नाही, डिग्रीपुरते. सर खूश होण्याऐवजी त्या उरलेल्या फरकातच अडकले. रिटायर होऊन हिंगणघाटला गेल्यावरही फोन करून विचारत, "पण तेवढं काऊन उरलं?" मी बंगळुरूला याच कामात पडले होते. कधी सर स्वतःच म्हणायचे, कॉइलखालचं सिलिकॉन थोडी ऊर्जा खातं, कधी आणखी काही. त्यांना एकही उत्तर पटलं नाही. नंतर मलाही पटेनासं झालं.

सर गेले, तेव्हा मला पोचता आलं नाही. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. आता नवी मुलं शंका घेऊन येतात, आणि माझ्या तोंडून त्यांच्यासारखंच "मले नाई समजलं" निघून जातं. मुलं गोंधळून बघत राहतात. यातलं सरांचं किती आणि माझं किती, हे वजा करून पाहावंसं वाटतं. पण सर भेटण्याआधीची मी कशी होते, ते कुणी मोजून ठेवलेलं नाही.